उरलेले भ्रूण, सरकारी पैसा आणि घरातील मतभेद

मुलुंडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही. पत्राचा आवश्यक भाग असा:

"माझे वय ४१ वर्षे आहे. आयव्हीएफ उपचारांनंतर आम्हाला मुलगा झाला, तो आता पाच वर्षांचा आहे. त्या वेळचे चार भ्रूण क्लिनिकमध्ये गोठवून ठेवलेले आहेत आणि दर वर्षी त्यांचे शुल्क आम्ही भरतो. आम्हाला आता आणखी मूल नको आहे. या वर्षी नूतनीकरणाच्या पत्रासोबत क्लिनिकने एक अर्ज पाठवला असून त्यात साठवण चालू ठेवणे, भ्रूण नष्ट होऊ देणे किंवा संशोधनासाठी देणे असे पर्याय आहेत. माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन आहे, त्यामुळे यजमानांचा कल संशोधनाकडे आहे. सासूबाई म्हणतात, ही आपलीच नातवंडे, ती प्रयोगशाळेत कापायला देणार का? गणपतीत सगळे जमले असताना विषय निघाला. माझे दीर चार्टर्ड अकाउंटंट आहेत. ते म्हणाले, ज्याला हे संशोधन करायचे असेल त्याने स्वतःच्या पैशाने करावे. पालिकेच्या रुग्णालयांत खाटा पुरत नाहीत, तिथे सरकारने खर्च करावा. नणंदेचे यजमान वसईचे, कॅथलिक. ते एवढेच म्हणाले की आपण जे पाप मानतो त्यासाठी आपल्या करातून पैसे घेतले जाऊ नयेत. अमेरिकेनेसुद्धा अशा संशोधनाचा सरकारी पैसा बंद केला होता, असेही घरात बोलले गेले. शिवाय पार्किन्सनवर स्टेम सेलची इंजेक्शने देणाऱ्या एका ठिकाणाबद्दल कोणीतरी सांगितले आहे, काही लाखांचा खर्च आहे. यात कोणाचे बरोबर आहे आणि मी अर्जावर कोणती खूण करू?"

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. चार भ्रूणांचे काय करायचे, हा तुम्हा दोघांचा प्रश्न आहे. अशा संशोधनाला सरकारने पैसा द्यावा की नाही, हा नागरिक म्हणून आपल्या सर्वांचा आहे. त्या इंजेक्शनांचा प्रश्न तर मुळात संशोधनाचाच नाही. मी दिरांच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की अर्जावरील "संशोधन" या रकान्याकडे कसे पाहायचे हेही बरेचसे स्पष्ट होते. मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर सामान्य नागरिकाच्या जागेवर काही वर्षे बसल्यामुळे असे अर्ज आणि संमतिपत्रे बारकाईने वाचण्याची सवय लागली, एवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहे.

अमेरिकेबद्दल तुमच्या घरात जे सांगितले गेले ते अर्धे खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे. मानवी भ्रूण ज्यात नष्ट होतो अशा संशोधनाला केंद्रीय आरोग्य खात्याचा पैसा वापरता येणार नाही, अशी अट तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९९६ साली अर्थसंकल्पी कायद्यात घातली आणि ती दर वर्षी पुन्हा घातली जाते. पण त्या अटीने संशोधन थांबले नाही. १९९८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी, म्हणजे शरीरातील इतर पेशी ज्यांच्यापासून घडू शकतात अशा स्टेम सेल, प्रथम वेगळ्या काढून वाढवल्या, त्या जेरॉन नावाच्या खासगी कंपनीच्या पैशावर आणि सरकारी अनुदानापासून कटाक्षाने वेगळ्या ठेवलेल्या प्रयोगशाळेत. पुढे ९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर केले की त्या दिवसापूर्वी तयार झालेल्या पेशीमालिकांवरील, म्हणजे एका भ्रूणापासून काढून प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवरील, कामालाच सरकारी पैसा मिळेल, त्यानंतरच्या मालिकांना नाही. जे भ्रूण आधीच गेले त्यांच्यापासून ज्ञान मिळवावे, पण नवे भ्रूण नष्ट करण्यास उत्तेजन देऊ नये, असा त्यामागचा विचार होता. गंमत अशी की पैसा "बंद करणारे" म्हणून लक्षात राहिलेले बुश हेच या पेशींवरील कामाला केंद्रीय निधी देणारे पहिले राष्ट्राध्यक्ष होते.

त्या निर्णयानंतर पात्र ठरलेल्या ६४ पेशीमालिकांची जी यादी अमेरिकी आरोग्य संस्थेने प्रसिद्ध केली, तिच्यात दहा संस्था होत्या आणि त्यांतल्या दोन भारतीय: बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, तीन मालिका, आणि मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस, सात मालिका. म्हणजे हा वाद वॉशिंग्टनमध्ये पेटला होता तेव्हाही त्याचे एक टोक आपल्या शहरात होते. प्रत्यक्षात त्या ६४ पैकी संशोधकांच्या हाती पडण्याजोग्या मालिका फार थोड्या, वीस-एकवीसच, निघाल्या. त्यामुळे अमेरिकेतील प्रयोगशाळांत एक विचित्र व्यवस्था सुरू झाली: सरकारी पैशाचे सूक्ष्मदर्शक एका बाजूला, खासगी पैशाचे दुसऱ्या बाजूला, आणि कोणत्या उपकरणाला कोणत्या पेशींसाठी हात लावायचा याच्या चिठ्ठ्या. निधी वाढवणारे विधेयक काँग्रेसने २००६ साली मंजूर केले, तेव्हा बुश यांनी कारकिर्दीतील पहिला नकाराधिकार त्यावर वापरला. मार्च २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ती तारखेची मर्यादा उठवली आणि त्याच वर्षीच्या नियमांनी सांगितले की वंध्यत्व-उपचारासाठीच तयार केलेले, आता नको असलेले आणि दांपत्याने मोबदला न घेता लेखी संमतीने दिलेले भ्रूण ज्यांच्या मुळाशी आहेत अशाच मालिकांना निधी मिळेल. ही शर्त पाहा: सरकार पैसा देऊ लागले तेव्हाच तुमच्यासारख्या दांपत्याला कोणत्या शब्दांत विचारले गेले, याची नोंद अनिवार्य झाली.

माझे म्हणणे एवढेच आहे. सरकारने हात आखडता घेतल्याने भ्रूण वाचल्याचे दिसत नाही. फक्त ते कोणाच्या नियमाने आणि कोणाच्या नजरेसमोर वापरले जातात, हे बदलते. दिरांना हिशेबाची भाषा कळते, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगायचे तर ज्या खर्चाचे लेखापरीक्षण संसदेला मागता येते तो खर्च आणि ज्याचा ताळेबंद केवळ भागधारकांपुढे जातो तो खर्च, यांत फरक आहे.

मात्र हे म्हणणे फार ताणू नये, कारण त्याला छेद देणारी दोन उदाहरणे मला माहीत आहेत आणि ती लपवणे बरे नव्हे. पहिले हार्वर्डचे डग्लस मेल्टन यांचे. त्यांच्या दोन्ही मुलांना टाइप-१ मधुमेह आहे. बुश यांच्या मर्यादेच्या काळात त्यांनी खासगी देणग्यांवर १७ नव्या पेशीमालिका तयार केल्या आणि २००४ साली त्या इतर संशोधकांना खुल्या केल्या. खासगी पैसा म्हणजे लपवाछपवी, असे समीकरण तिथे चालत नाही. दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे, आणि मला ते अधिक अस्वस्थ करते. दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ साली मानवी भ्रूणाचे क्लोनिंग करून मूलपेशी मिळवल्याचे दावे केले. सरकारने त्यांच्यावर पैशाचा आणि सन्मानांचा वर्षाव केला, ते राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाले आणि त्या अभिमानापुढे प्रश्न विचारणे अवघड झाले. दावे खोटे निघाले, दोन्ही शोधनिबंध जानेवारी २००६ मध्ये मागे घेतले गेले. पण त्याआधी शंभराहून अधिक स्त्रियांकडून दोन हजारांहून अधिक बीजांडे घेतली गेली होती, आणि त्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधक स्त्रियाही होत्या. वरिष्ठाने मागितल्यावर "नाही" म्हणण्याची मुभा त्यांना कितपत होती, याचा विचार आपला आपण करावा.

म्हणून मी दिरांना "सरकारने द्यावे" एवढेच उत्तर देणार नाही. सरकारने द्यावे, पण अटी आधी आणि पैसा मागाहून, असे म्हणेन. या वादात भ्रूणाबद्दल इतके बोलले जाते की बीजांड देणारी बाई चर्चेतून नाहीशी होते. आपल्या शहरात ती बहुधा गरजू असते. संप्रेरकांची इंजेक्शने, भूल, बीजांड काढण्याची प्रक्रिया, हे सगळे तिच्या शरीरावर होते. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने बीजांडदात्या स्त्रीला आयुष्यात एकदाच दान करता येईल आणि सातपेक्षा जास्त बीजांडे घेता येणार नाहीत, असे बंधन घातले. हे बंधन उपचारांच्या संदर्भात आले असले तरी संशोधनाला सरकारी निधी देताना त्याची आठवण ठेवली पाहिजे. उपचारातून खरोखर उरलेले भ्रूण वेगळे आणि संशोधनासाठी मुद्दाम काढलेली बीजांडे वेगळी. पहिल्याला माझी संमती आहे, दुसऱ्याबद्दल मी अत्यंत साशंक आहे.

आता खाटांचा मुद्दा. हा आक्षेप खास आपला आहे आणि तो हलका नाही. क्षयाची औषधे आणि मूलपेशींचे संशोधन यांतून एकच निवडायचे असेल तर मीही औषधेच निवडेन. पण भारताचा संशोधन आणि विकासावरील सर्व प्रकारचा खर्च मिळूनही देशाच्या सकल उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के आहे. त्यातला मूलपेशींचा वाटा काढून घेतला तरी पालिकेच्या रुग्णालयांची गर्दी हटणार नाही. शिवाय ज्या उपचारांकडे आपण आज साध्या नजरेने पाहतो ते कोणाच्या पैशातून आले, हेही विचारावे. अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हा मूलपेशींचाच उपचार आहे, अर्थात भ्रूणापासूनच्या नव्हे. तो भारतात पहिल्यांदा १९८३ साली परळच्या टाटा मेमोरियलमध्ये यशस्वी झाला, आणि आज थॅलेसेमिया या रक्तविकाराच्या मुलांसाठी महापालिका बोरिवलीला स्वतःचे केंद्र चालवते. रक्ताच्या कर्करोगावरील नेक्सकार-१९ हा पेशी-उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभा राहिला, त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याचा खर्च परदेशातील तशा उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आला. दहावा हिस्सा म्हणजेही काही दशलक्ष रुपये, हे खरे. तरी सार्वजनिक संस्थेत पाया घातला गेल्याने किमतीबाबत बोलण्याची जागा तरी उरते. टाइप-१ मधुमेहावर भ्रूणीय मूलपेशींपासून तयार केलेल्या इन्सुलिननिर्मात्या पेशींची जी चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षानंतर इन्सुलिन टोचावे लागत नव्हते. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र घ्यावी लागतात. तो उपचार एका अमेरिकी कंपनीच्या मालकीचा आहे. तो उद्या मुंबईत आला तर कोणत्या भावाने येईल, याचा अंदाज दिरांनीच बांधावा.

आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घालण्यासारखी आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात जन्मलेली, वैज्ञानिक नोंदींनिशी झालेली भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी ही डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची परळ येथील प्रजनन संशोधन संस्था यांच्या संयुक्त कामातून आली. एक महापालिकेचे रुग्णालय, दुसरी केंद्र सरकारची संस्था. तुमचा मुलगा ज्या तंत्राने जन्मला, त्याची या देशातील पायाभरणी सार्वजनिक पैशावर झाली. त्याच परळच्या संस्थेत पुढे उपचारातून उरलेल्या, दांपत्यांनी दिलेल्या भ्रूणांपासून किंड-१ आणि किंड-२ या दोन मानवी भ्रूणीय पेशीमालिकाही तयार झाल्या. तेव्हा "सरकारने हे करावे का" हा प्रश्न आपल्याकडे काल्पनिक नाही. सरकारने ते केलेले आहे, गाजावाजा न करता.

हा गाजावाजा न होणे मला खटकते, आणि इथे तुमच्या नणंदेच्या यजमानांचा मुद्दा येतो. चर्चच्या मते फलनाच्या क्षणापासून ते मानवी जीवन आहे. व्हॅटिकनने ही भूमिका १९८७ साली सविस्तर मांडली आणि तिच्यानुसार आयव्हीएफलाही विरोध आहे. म्हणजे त्यांचा आक्षेप तर्काने तुमच्या मुलाच्या जन्माच्या पद्धतीपर्यंत पोहोचतो. तो त्यांनी तिथवर नेला नाही, हा त्यांचा सुसंस्कृतपणा आहे, आणि मी तुमच्या जागी असतो तर त्यांच्याशी बोलताना हे लक्षात ठेवले असते. लोकशाहीत करदात्याला स्वतःच्या विवेकाला न पटणारे खर्च वगळून कर भरता येत नाही. युद्ध अमान्य असलेला माणूसही संरक्षणखर्चाचा वाटा उचलतो. पण ज्याचे मत डावलले जाणार आहे त्याला ते आधी मांडण्याची जागा मिळाली पाहिजे. जर्मनीने ती दिली. तिथल्या संसदेने जानेवारी २००२ मध्ये पक्षादेश बाजूला ठेवून यावर मतदान केले आणि देशात भ्रूण नष्ट करायचे नाहीत, ठरावीक तारखेपूर्वी परदेशात तयार झालेल्या मालिका मात्र आणता येतील, असे ठरवले. ती तारीख पुढे २००८ साली बदलून १ मे २००७ केली. दुसऱ्याच्या अंगणात झालेल्या कृत्याचे फळ घ्यायचे आणि आपले हात कोरडे ठेवायचे, असा तो मार्ग मला काहीसा दुटप्पी वाटतो, पण निर्णय उघड्यावर झाला एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. आपल्याकडे ही चौकट मुख्यतः तज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांतून घडली, २००७, २०१३ आणि २०१७ साली. ती चौकट वाईट नाही: भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवायचा नाही, संस्थेची मूलपेशी संशोधन समिती आणि तिच्यावर राष्ट्रीय समिती, असे तिचे स्वरूप आहे. पण वसईच्या माणसाला तिच्याबद्दल कोणी कधी विचारले नाही, ही तक्रार रास्त आहे.

काही जण सांगतील की हा वाद जपानच्या शिन्या यामानाका यांनी मिटवला. त्यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या त्वचापेशींना भ्रूणीय मूलपेशींसारखी क्षमता मिळवून दिली आणि त्यासाठी २०१२ चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. वाद सौम्य झाला हे खरे, मिटला मात्र नाही. या नव्या पेशी भ्रूणीय पेशींसारख्या वागतात की नाही, हे ठरवण्यासाठी भ्रूणीय पेशीच कसोटी म्हणून वापराव्या लागल्या, आणि वर सांगितलेला मधुमेहाचा उपचार भ्रूणीय पेशींचाच आहे. तुमच्या सासऱ्यांच्या आजारापुरते बोलायचे तर एप्रिल २०२५ मध्ये पार्किन्सनवरील दोन छोट्या चाचण्या एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाल्या: अमेरिका आणि कॅनडातील १२ रुग्णांची, भ्रूणीय पेशींवरची, आणि क्योटोची सात रुग्णांची, यामानाका पद्धतीच्या पेशींवरची. दोन्हींत मेंदूच्या ठरावीक भागात शस्त्रक्रियेने पेशी सोडल्या होत्या, आणि दोन्हींचा पहिला प्रश्न "हे सुरक्षित आहे का" एवढाच होता. उत्तर आशादायक आले आहे. पहिल्या पद्धतीची मोठी चाचणीही हाती घेण्यात आली आहे. भारतात मात्र तो अजून मान्य उपचार झालेला नाही.

यावरून इंजेक्शनांचे उत्तर तुम्हाला मिळाले असेल. दंडात, शिरेत किंवा पाठीच्या कण्यात स्टेम सेल टोचून पार्किन्सन बरा करणारा कोणताही मान्य उपचार आज भारतात नाही. २०१७ च्या राष्ट्रीय तत्त्वांनुसार रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या ठरावीक विकारांसाठीचे रक्तजनक पेशींचे प्रत्यारोपण तेवढे उपचार म्हणून मान्य आहे. बाकी सर्व काही मंजुरी घेतलेल्या, नोंदणीकृत चाचणीतच करता येते, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा "चाचणी" म्हणून काही लाख मागणारा माणूस स्वतःच्याच तोंडाने नियमभंग सांगतो आहे. भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीतील क्रमांक मागून पाहा. सासऱ्यांचे पैसे फिजिओथेरपीवर, औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या मदतनिसावर आणि चांगल्या मेंदूविकारतज्ज्ञाच्या (न्यूरॉलॉजिस्टच्या) भेटींवर खर्च होऊ द्या. आपल्या समाजाने भ्रूणाच्या दर्जाबद्दल कितीही वाद घातला तरी इथे खरी फसवणूक भ्रूणाची नव्हे, म्हाताऱ्या रुग्णांची होत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सासूबाई. त्यांच्याशी बोलताना दोन चुका टाळा. एक, "तिथे काहीच नसते हो" असे म्हणू नका. पाचव्या दिवसाचा भ्रूण म्हणजे शे-दोनशे पेशींचा, डोळ्यांना टिंबाहूनही लहान दिसणारा गोळा असतो, त्यात मेंदूच्या किंवा मज्जातंतूंच्या पेशी नसतात, वेदना नसते, हे सांगावे. पण मूलपेशी काढताना तो नष्ट होतो, हेही सांगावे. त्यांनी वापरलेला शब्द कठोर असला तरी त्यातली वस्तुस्थिती त्यांना कळलेली आहे. दोन, "निसर्गातही कितीतरी भ्रूण रुजत नाहीत" हा सर्रास दिला जाणारा युक्तिवाद देऊ नका. निसर्गाकडून होणारी हानी ही आपल्या कृतीचे समर्थन ठरत नाही, आणि सासूबाईंना ते तुमच्याआधी सुचेल.

त्यांचा आधार धर्माचा असेल तर परंपरा या विषयावर एकमुखी नाही, हे त्यांना ऐकायला आवडेल. चरकसंहितेत शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुक्षीत झाला म्हणजे त्याला गर्भ म्हणावे असे आहे, तर गर्भोपनिषदात एका रात्रीचे कलल, सात रात्रींचा बुडबुडा अशा पायऱ्या सांगून जीवाचा संयोग सातव्या महिन्यात होतो असे म्हटले आहे. प्रयोगशाळेतील, कुशीत कधीही न गेलेल्या भ्रूणाबद्दल यांतून थेट निर्णय निघत नाही, आणि कोणी काढून दाखवला तर सावध राहावे. मात्र यावर विचारी माणसांचे मतभेद फार जुने आहेत, एवढे नक्की निघते. सासूबाईंचे दुःख मतभेदाचे नसून नात्याचे असेल, तर त्याला शास्त्राचे उत्तर नाही. त्यांना त्या चार भ्रूणांसाठी काही करायचे असेल, दान किंवा एखादी प्रार्थना, तर करू द्यावी. पण निर्णयाचा अधिकार त्यांचा नाही, दिरांचा नाही, आणि माझाही नाही.

सासूबाईंच्या मनात कोणा निपुत्रिक नातेवाइकाला हे भ्रूण देण्याचा विचार येईल. बहुतेक घरांत येतो. २०२१ च्या कायद्यानुसार उरलेले भ्रूण त्याच दांपत्यासाठी जपायचे असतात, दुसऱ्या कोणासाठी वापरता येत नाहीत. तसेच साठवणीला दहा वर्षांची मर्यादा आहे. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा तुमच्या संमतीने, या कायद्याखाली नोंदलेल्या संशोधन संस्थेला द्यायचे. म्हणजे दर वर्षी शुल्क भरून निर्णय लांबवणे हा मार्ग तुमच्यासाठी आणखी थोडीच वर्षे उरला आहे, आणि तो संपल्यावर उरणारे दोन्ही पर्याय भ्रूणाच्या अंताचेच आहेत. संशोधनाला देण्याच्या बाजूने माझ्या मते हेच सर्वांत सरळ कारण आहे. पण ते कारण तेव्हाच लागू पडते जेव्हा "संशोधन" या रकान्यामागे खरोखर संशोधन असते.

म्हणून खूण करण्यापूर्वी क्लिनिकला लेखी विचारा की भ्रूण नेमक्या कोणत्या संस्थेला जाणार, ती या कायद्याखाली नोंदलेली आहे का, आणि त्या संस्थेच्या मूलपेशी समितीने कोणत्या प्रकल्पाला मान्यता दिली आहे. भ्रूण देशाबाहेर संशोधनासाठी पाठवण्यास कायद्याने पूर्ण मनाई आहे. तसा उल्लेख संमतिपत्रात आहे का ते पाहा. तयार होणारी पेशीमालिका तुमचा जनुकीय वारसा घेऊन दशकानुदशके जगू शकते, थॉमसन यांच्या १९९८ च्या मालिका आजही वापरात आहेत. तेव्हा तुमची ओळख कशी झाकली जाईल आणि वापर होण्यापूर्वी संमती मागे घेता येईल का, हेही विचारा. तुम्हाला यातून पैसा मिळणार नाही, मिळूही नये. सासऱ्यांना या चार भ्रूणांचा उपयोग होणार नाही, हे यजमानांना आत्ताच स्पष्ट कळलेले बरे. ते देणार असतील तर पुढच्या पिढीतल्या कोणा अनोळखी रुग्णासाठी देत आहेत.

क्लिनिकने संस्थेचे नाव दिले, कागद मराठीत तुमच्या समोर ठेवले आणि तुम्हा दोघांचे मन त्याला तयार असेल, तर संशोधनावर खूण करण्यात मला काहीही गैर दिसत नाही. नाव मिळाले नाही किंवा "ते आम्ही बघू" असे तोंडी उत्तर आले, तर त्या रकान्यावर खूण करू नका. भ्रूण नष्ट होऊ देण्याचा पर्याय तितकाच प्रतिष्ठेचा आहे. आणि तुमचे व यजमानांचे अजून एकमत होत नसेल, तर या खेपेला एक वर्षाचे नूतनीकरण करा, पावतीवर साठवण सुरू झाल्याची तारीख लिहून घ्या आणि पुढच्या गणपतीच्या बऱ्याच आधी, सगळे घर जमलेले नसताना, दोघांनीच हा अर्ज पुन्हा वाचायला घ्या.